तुम्ही घसरला नव्हतात, वहिनी

वहिनी, परवा तुमच्या नावाने अकरा बार्श मासे मारले. त्यातले दोन माझे. दुसरा ठीक गेला. पहिल्याने मात्र फार सोसलं.

तुम्ही शंभर वेळा सांगितलं होतंत: डोळ्यांच्या जरा वर, एकच घाव, आणि लगेच कल्ल्यांच्या मध्ये, काळजात सुरी. माझा पहिला घाव माझ्याच अंगठ्यावर बसला. दुसरा त्याच्या जबड्यावर. तोवर त्याने पाठीवरचे काटे उभे करून माझा तळहात फाडला होता, आणि दगडावर सांडलेल्या रक्तातलं त्याचं कुठलं आणि माझं कुठलं हे सांगता येईना. तिसऱ्या घावाला तो थरथरला आणि गप्प झाला. फेराइनचा, म्हणजे आपल्या क्लबचा, अध्यक्ष डीटर शेजारीच उभा होता. त्याने टोपी काढली. माशासाठी काढली, तुमच्यासाठी काढली की माझ्या कौशल्याला श्रद्धांजली म्हणून, ते मी विचारलं नाही.

दांडा तुमचाच वापरला. तुम्ही देवगडहून आणलेली रवी बॅगेतच तुटली, ताक घुसळायचं राहिलं ते राहिलंच, आणि उरलेल्या दांड्याने तुम्ही बारा वर्षं मासे मारलेत. याच कामाचं पितळी मुठीचं दांडकं दुकानात मिळतं. डीटरने ते तुम्हाला कौतुकाने दाखवलं, तेव्हा तुम्ही तुलनेसाठी रवीचा दांडा त्याच्या तळहातावर हलकेच मारलात. दोन दिवस तो त्या हाताने बिअरचा ग्लास उचलत नव्हता.

आपण काही मोठे शिकारी नव्हे. लुडविग्सहाफेनच्या बाहेर ऱ्हाइनचा एक जुना फाटा नदीपासून तुटून पडलाय, पलीकडे कारखान्याच्या चिमण्या दिसतात, त्या संथ पाण्यात तळव्याएवढे मासे. एका तव्यात चार मावतील असे. आणि तेही फ्लायने धरायचे: पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली नकली माशी, जिच्या नादी फक्त मूर्ख मासा लागतो आणि जी टाकायला फक्त मूर्ख माणूस शिकतो. तुमच्या माशा सगळ्यांत चांगल्या बसायच्या. त्यांत दादाच्या दाढीच्या ब्रशातले केस होते, हे फेराइनमध्ये फक्त मला माहीत होतं. दादा, माझा थोरला भाऊ आणि तुमचा नवरा, दर दोन महिन्यांनी आरशासमोर कुरकुरायचा की ब्रश झडतोय, जर्मन माल पूर्वीसारखा राहिला नाही. तुम्ही मागे उभ्या राहून 'हो ना' म्हणायचात.

मला पाण्यावर तुम्हीच ओढून नेलंत. कंपनीने आमचं टेस्टिंगचं अख्खं खातं बंद केलं होतं आणि मी महिनाभर सोफ्यावर आडवा होतो. तुम्ही आलात, पडदे सरकवलेत आणि माझ्या बायकोला म्हणालात, माधुरी, यांना मी नेते, संध्याकाळी आणून सोडते. जुना सोफा टाकायला न्यावा तसा आवाज होता. पहिल्याच दिवशी मी दोर मागे नेला, पुढे आणला, आणि गळ माझ्या उजव्या कानाच्या पाळीत घुसला. आरपार नाही, अर्धाच. मी जो ओरडलो त्याने पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले.

"हलू नका," तुम्ही म्हणालात. "डोळे मिटलेत तर दुसऱ्या कानाखाली देईन."

मागे ओढला असता तर गळाचा उलटा काटा मांस घेऊन आला असता. म्हणून तुम्ही तो पुढेच दाबलात, टोक पाळीतून बाहेर काढलंत, पकडीने कापलंत आणि उरलेला गळ मागून खेचून घेतलात. सगळं मिळून दहा सेकंद. माझा शर्ट खांद्यापर्यंत लाल. तुम्ही काठी उचलून पुन्हा माझ्या हातात दिलीत. म्हणालात, आता माशाला काय वाटतं ते कळलं ना, चला, टाका. त्या दिवशी घरी आल्यावर मी महिन्याभरात पहिल्यांदा पोटभर जेवलो. हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

या देशात लग्न करायला परीक्षा नाही, मूल वाढवायला परीक्षा नाही, पण बोटभर मासा मारायचा तर आठवडेच्या आठवडे वर्ग आणि शेवटी लेखी पेपर. तुम्ही पहिल्या फटक्यात पास झालात. मी दुसऱ्यांदा, तेही पेपरमध्ये माशांपेक्षा पाण्यातल्या वनस्पतींवर जास्त प्रश्न आले म्हणून. त्या पुस्तकातलं एक वाक्य तुम्ही कणीक मळताना पुटपुटायचात: हाती आलेल्या जिवाला गरजेपेक्षा एक क्षणही जास्त दुखता कामा नये. इथला तो कायदाच आहे.

आपलं भांडण त्या वाक्यावरूनच सुरू झालं आणि ते अजून मिटलेलं नाही. मला मारवत नसे. मापात बसणारा मासासुद्धा मी गळ काढून हळूच पाण्यात सोडायचो आणि स्वतःवर खूश व्हायचो. एकदा माझ्या गळाला झोनेनबार्श लागला. नारिंगी पोट, निळ्या रेघा, कल्ल्यामागे लाल ठिपका. कोणी फुरसतीत रंगवून पाण्यात सोडावा असा. तो मूळचा अमेरिकेतला, इथल्या माशांची अंडी खातो, म्हणून धरल्यावर परत सोडायला बंदी. हे समजावताना डीटरने 'बाहेरून आलेले' हा शब्द तीनदा वापरला आणि मग आपल्या दोघांकडे बघून कानापर्यंत लाल झाला. तुम्ही शांतपणे विचारलंत, डीटर, मग आमचा नंबर कधी? तो बिचारा आठवडाभर माफी मागत होता.

मी तो मासा सोडला. गळ त्याने खोल गिळला होता, काढताना त्याचा कल्ला माझ्या हातून फाटला होता, पण ते मी कोणाला सांगितलं नाही, स्वतःलाही नाही. दहा मिनिटांनी तो लव्हाळ्यात आडवा तरंगत आला, तोंडाची उघडझाप करत. तुम्ही गुडघाभर पाण्यात उतरलात, त्याला उचललंत, एका घावात संपवलंत आणि माझ्या नाकासमोर धरलंत.

"भावोजी, तुमच्या दयेला धार नाही," तुम्ही म्हणालात. "तिने जास्त दुखतं."

मी म्हणालो, निदान मी त्याला एक संधी दिली. तुम्ही म्हणालात, त्याला नाही, स्वतःला दिलीत, बघावं लागू नये म्हणून. यावर मी काहीतरी विनोद केला. चांगला असणार, कारण डीटर हसला. तुम्ही नाही हसलात.

विनोद हा माझा लहानपणापासूनचा धंदा, वहिनी. मी नऊ वर्षांचा असताना दादाने बॅट फिरवली आणि माझे पुढचे दोन दात पडले. बॅट चेंडूवर नव्हे, माझ्यावरच फिरवली होती, मी त्याला आउट दिलं होतं. बाबा घरी आले तेव्हा मी रक्ताळलेल्या तोंडाने सांगितलं की सायकलवरून येताना समोर म्हैस आली, मी घंटी वाजवली, तर म्हशीने मागे वळून पाहिलं आणि तिला माझा स्वभाव आवडला नाही. शेजारच्या काकवा पोट धरून हसल्या. बाबा हसले. दादा सगळ्यांत जास्त हसला आणि दुसऱ्या दिवशी त्याने मला त्याचा लेदरचा चेंडू दिला. तेव्हापासून आमच्या घरात मी गोष्टी सांगणारा.

आता तो शनिवार. आठ वर्षं झाली.

दादा आणि मी शेल्फच्या फळ्या आणायला बाउमार्क्टला, घरदुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात, गेलो होतो. संध्याकाळपर्यंत वेळ लागेल असं सांगून निघालो आणि दुपारीच परतलो, कारण हव्या त्या मापाच्या फळ्या संपल्या होत्या आणि दादाने नको त्या मापाच्या घेतल्या. तुमच्या घराचं दार उघडलं तर तळलेल्या माशाचा वास. रवा, तिखट, आगळ. आमच्याकडे अंड्याचं भांडंसुद्धा वेगळं ठेवलेलं. लग्न होऊन आल्यापासून तुम्ही घरात मासा शिजवला नव्हता. पाण्यावर मारायचा, फेराइनच्या शेडमध्ये तळून तिथेच खायचा आणि घरी येण्याआधी लिंबाने हात घासायचे. दादा स्वतः दर शुक्रवारी कँटीनमध्ये मासा खायचा, वर पिवळा सॉस ओतून. मी डोळ्यांनी पाहिलंय. पण घरात देव होते.

दादाने फळ्या खाली ठेवल्या. हळू, फरशीला ओरखडा पडू नये म्हणून. मग तो आत गेला. मी दाराशी, कोटांच्या कपाटामागे, वाकून बूट काढत होतो. आधी तवा पडल्याचा आवाज आला. मग तुमचा. तुम्ही 'अहो, तेल, तेल' म्हणत होतात, त्याच्या पायावर उडेल म्हणून. मी वाकल्या वाकल्या मान वळवली आणि मला सगळं दिसलं. तुमचा उजवा हात त्याने पाठीमागे नेला होता आणि तो पिरगाळत होता, एक शब्दही न बोलता, घट्ट बसलेलं झाकण उघडावं तसा. मग जो आवाज झाला तो मी आजवर कुठल्याच गोष्टीत घातलेला नाही.

मी काय केलं? माझ्या डाव्या बुटाची नाडी सुटलेली होती. ती मी पुन्हा बांधली. नीट, दोन फासांची. मग पुन्हा सोडली.

दादा बाहेर आला आणि माझ्या कानाशी म्हणाला, सुध्या, हिला दवाखान्यात ने, मी इथलं पुसतो, सगळीकडे तेल झालंय. गाडीत तुम्ही हात मांडीवर ठेवून समोर बघत होतात. एका वळणावर मी चुकीच्या लेनमध्ये शिरलो तेव्हा फक्त 'डावीकडे' म्हणालात.

तातडीच्या विभागात तरुण डॉक्टरबाई होती. तिने तुमचा हात पाहिला, दंडावरचे बोटांचे ठसे पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. तुम्हाला विचारलं, हे कसं झालं. आवाजात घाई नव्हती. आता मला कळतं, ती मला बाहेर थांबायला सांगणारच होती. तुम्ही बोलायला तोंड उघडलंत. तुम्ही सांगणार होतात, वहिनी. मी तुमचा श्वास आत घेतलेला ऐकला.

आणि मी सुरुवात केली.

ओला श्टेग, म्हणजे पाण्यात गेलेला तो लाकडी धक्का. त्यावर वहिनी. वहिनींच्या हातात बार्श. वहिनींनी दांडा उगारला, माशाने शेपटी मारली, दांडा पाण्यात, मी वहिनींना धरायला दंड पकडला तर वहिनी धक्क्यावर आडव्या, आणि मासा सगळ्यांच्या डोक्यावरून उडी मारून अध्यक्षांच्या बिअरमध्ये. हे मी उभा राहून, हातवारे करून, तोवरच्या आयुष्यातल्या सर्वांत चांगल्या जर्मनमध्ये सांगितलं. क्रियापदंसुद्धा आपापल्या जागेवर पडली. बोटांच्या ठशांचीही सोय झाली. डॉक्टरबाईने हसू दाबायचा प्रयत्न केला आणि मग ती हसलीच.

तुम्ही तिच्याकडे पाहिलंत. मग माझ्याकडे, बराच वेळ. मग तिला म्हणालात, "गेनाऊ."

अगदी बरोबर. तेवढा एकच शब्द.

ती गोष्ट माझी सर्वांत गाजलेली. मंडळाच्या गणपतीत, दिवाळीच्या फराळाला, फेराइनच्या उन्हाळी जत्रेत. मासा दर वर्षी दोन बोटं वाढत गेला. तिसऱ्या वर्षापासून धक्काही मोडायला लागला. रंगात आलो की पंचवीस मिनिटं चालायची. डीटरला नक्की माहीत होतं की त्याच्या बिअरमध्ये कधीच मासा पडला नाही, पण त्याला वाटलं, एवढी सजावट चालायचीच. 'सांग रे सुध्या ती माशाची' म्हणून पाठीत थाप मारायला दादा पुढे असायचा. तुमची ईरा तेव्हा अकरा वर्षांची. ती पहिल्या रांगेत बसून सगळ्यांत मोठ्याने हसायची. तुम्ही नेमक्या तेव्हाच वाढायला उठायचात.

एवढं झाल्यावरही तुम्ही मला पाण्यावर नेणं सोडलं नाहीत, हे मला आजही समजत नाही. प्लॅस्टर निघालं, पण मनगट पूर्वीसारखं वळेना. तुम्ही दोर खांद्यातून झटका देऊन टाकायला लागलात. डीटरला वाटलं ही नवी पद्धत आहे, आणि फेराइनमधले दोघे-तिघे मेहनत घेऊन तसंच टाकायला शिकले. अजून टाकतात. परवाही टाकत होते. मी खाली बघत होतो.

एकदा आपण होडीत होतो. तुमच्या गळाला लागलेला बार्श वर येत असताना खालून मोठा हेख्ट आला, सुसरीच्या तोंडाचा तो मासा, आणि त्याने बार्शचा मागचा अर्धा भाग तोडून नेला. उरलेला अर्धा तुम्ही होडीत घेतलात. तोंड हलत होतं. तुम्ही दांडा काढून त्यालाही रीतसर घाव घातलात. मी विचारलं, अर्ध्याला कशाला आता? तुम्ही दांडा पाण्यात धुतलात.

"अर्धा आहे म्हणून अर्धंच दुखत नाही त्याला."

मी वल्ही हातात घेतली. होडी काठाला लागेपर्यंत दोघांनाही त्या शनिवारचं सांगायचं होतं, असं मला आता वाटतं. कदाचित मलाच वाटतं.

दोन वर्षांपूर्वी ईरा शिकायला ड्रेस्डेनला गेली आणि त्याच आठवड्यात तुम्ही दोन बॅगा आणि काठी घेऊन घर सोडलंत. सामान चढवायला मी आलो होतो. भाड्याने घेतलेल्या एका खोलीत तुम्ही सगळ्यात आधी तवा ठेवलात, बार्श तळलेत आणि मला वाढलंत. इतकी वर्षं मासे धरून एकही न खाल्लेला फेराइनमधला मी एकटा. खाल्ला. काटा घशात अडकला आणि तुम्ही पाठीत असा गुद्दा घातलात की काटा, घास आणि माझा चष्मा, तिन्ही ताटात पडले. तुम्ही भिंतीला टेकून हसलात, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी न सांगितलेल्या गोष्टीवर तुम्हाला तेवढं हसताना मी एकदाच पाहिलं.

मग आजार आला आणि सहा आठवड्यांत सगळं आटोपलं. शेवटच्या बुधवारी मी ठरवून आलो होतो. इस्पितळाच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून वाक्यं जुळवली होती. खुर्ची पुढे ओढली आणि म्हणालो, वहिनी, तो तवा पडला त्या दिवशी... तुम्ही डोळे न उघडता हात वर केलात. तोच हात.

"भावोजी, आज गोष्ट नको."

मी थांबलो. आधी वाटलं, तुम्ही मला मोकळं केलंत. गाडीपाशी पोचेपर्यंत वाटलं, तुम्हाला फक्त शीण होता. घरी आल्यावर वाटलं, मी पुन्हा तीच मासा उडाल्याची सांगणार असं समजलात, मरतानाही. यातलं खरं कोणतं, ते विचारायला गुरुवारी यायचं ठरवलं होतं. तुम्ही गुरुवारपर्यंत थांबला नाहीत.

फेराइनची रीत तुम्हाला माहीत आहे. सभासद गेला की सकाळी त्याच्या आवडत्या जागी मासे मारायचे, दुपारी धुरावर भाजायचे, आणि खाता खाता प्रत्येकाने गेलेल्याबद्दल एक थाप सांगायची. थापच, खरं नाही. आंग्लरलाटाइन म्हणतात तिला, गळ टाकणाऱ्यांची लॅटिन. खरं आधी चर्चमध्ये सांगून झालेलं असतं, असं डीटरचं म्हणणं. नियम एकच: कोणी शंका घ्यायची नाही.

दादा आला होता. काळा कोट, पहिला बाक. त्या शेडमध्ये त्याने बारा वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. लोक त्याचा हात हातात घेत होते आणि तो मान हलवत होता. ईरा त्याच्यापासून दोन माणसं सोडून बसली होती. डीटरने सांगितलं की एकदा शुभाने, म्हणजे तुम्ही, एका हेख्टकडे नुसतं रोखून पाहिलं, तर तो आपणहून किनाऱ्यावर येऊन डोकं पुढे करून आडवा झाला. सगळे हसले. ईराही, नाक पुसत. मग डीटर माझ्याकडे वळला.

"आल्झो, सुधीर, चल. आता मनगटाची."

सगळ्यांनी टाळ्यांऐवजी टेबलावर पेरांनी ठकठक केली. दादाने रुमाल डोळ्यांना लावला होता, तो खाली घेतला.

"सांग रे सुध्या," तो म्हणाला. "तिला फार आवडायची."

तोवर मी सांगणारच होतो, वहिनी. मी शूर नाही, आणि ओला श्टेग माझ्या तोंडात येऊन उभा होता. पण त्या 'आवडायची'पुढे तो सरकेना. मी उभा राहिलो आणि जर्मनमध्ये म्हणालो: शुभा घसरली नव्हती. ती घरी मासे तळत होती. माझ्या भावाने तिचा हात पिरगाळून मोडला. मी दाराशी बूट काढत होतो.

चार वाक्यं. मला वाटलं होतं, निदान पाच मिनिटं लागतील.

पहिल्यांदा कोणीतरी हसलं. थाप सांगितली की हसायचं, त्या माणसाची काही चूक नाही. मग त्याचं हसू एकटंच पडलं.

दादासारखा सत्तावन्न वर्षांचा माणूस एवढ्या वेगाने बाक ओलांडू शकतो हे मला माहीत नव्हतं. पहिला ठोसा नाकावर बसला आणि आत काहीतरी करकरलं. मी टेबलावर पडलो, टेबल माझ्यासकट कलंडलं, भाजलेल्या माशांची परात छातीवर आली. दुसरा ठोसा कानावर. तिसऱ्याला ओठ फाटून दातात अडकला. प्रत्येक ठोशाला तो एकच विचारत होता, आज? आजच्या दिवशी? आणि रडत होता. खरंच रडत होता, ते मी झाकणार नाही. चौथ्याच्या आधी डीटरने त्याला मागून कवळलं आणि आणखी दोघांनी त्याला जमिनीवर दाबून धरलं. तोंडात रक्त असतानाही माझ्या जिभेवर विनोद आला होता, काळजी नको, मासे वाचले असा. गिळला. डीटरने धापा टाकत विचारलं, पोलिसांना बोलवू का. दादाने खालून माझ्याकडे पाहिलं. मी आता काहीतरी सुचवेन, असं त्याला वाटत होतं.

मी म्हणालो, बोलव.

शेडमागच्या छोट्या स्वयंपाकघरात ईराने माझं नाक गार पाण्याने धुतलं. हात हलका नव्हता, तुमच्यावर गेलाय. मला वाटलं, आता ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवेल आणि म्हणेल, काका, बरं झालं तू सांगितलंस. मी त्याची वाट बघत होतो, हे कबूल करतो. नाकातून रक्त गळत असताना मी कौतुकाची वाट बघत होतो.

"पपांनी मोडला, ते मला माहीत होतं," ती म्हणाली. जर्मनमध्ये, माझ्याशी नेहमी बोलते तशी. "मी माझ्या खोलीच्या दारात उभी होते. ओट्याजवळचं सगळं दिसत होतं."

तिने टॉवेल पुन्हा नळाखाली धरला.

"तू तिथे होतास, हे माहीत नव्हतं."

कोटांचं कपाट मध्ये होतं, तिला माझी बाजू दिसली नव्हती, आणि लगेच तिने आपलं दार लावून घेतलं होतं. मग तिने सांगितलं ते असं. प्लॅस्टर घालून तुम्ही घरी आलात तेव्हा तिने तुम्हाला विचारलं होतं, काकाला सांगू का. तुम्ही तिला जवळ घेऊन म्हणाला होतात, नको. काका नंतर आला, पपांनी फोन केल्यावर. मी पाण्यावर घसरले असं मीच त्याला सांगितलंय आणि त्याला ते खरं वाटतंय. वाटू दे. आपल्या घरात एक तरी माणूस असा राहू दे ज्याच्या डोळ्यांनी हे पाहिलेलं नाही. तुला कधी पळून जावंसं वाटलं तर त्याच्याकडे जाता येईल.

आणि ती आली होती, वहिनी. बाराव्या वर्षी, पंधराव्या वर्षी, शाळेतून परस्पर, दप्तरासकट. दोन-दोन दिवस राहायची. मी तिला गोष्टी सांगायचो. ती माशाचीही सांगायचो, आणि मला काही कळू नये म्हणून ती मोठ्याने हसायची. त्यात मी स्वतःला धक्क्यावर उभं करायचो, तीही तिला माझी सजावटच वाटायची.

"खरंच बूट काढत होतास?" तिने विचारलं.

"हो."

"दोन्ही?"

"एकच. डावा."

तिने नळ बंद केला, ओला टॉवेल पिळून माझ्या हातात दिला आणि मागच्या दाराने निघून गेली. संध्याकाळच्या गाडीने ड्रेस्डेनला परतली, असं नंतर माधुरीकडून कळलं.

आठ वर्षं तुम्ही तुमच्या लेकीसाठी एक काका राखून ठेवला होतात. तो मी नाही, हे त्या डॉक्टरबाईच्या खोलीतच तुम्हाला कळलं होतं, आणि तरी घरी जाऊन तुम्ही मोडक्या हाताने त्याला उभा केलात आणि मला त्याच्या जागी बसू दिलंत. याबद्दल तुमचे आभार मानायचे की माफी मागायची, हे मला ठरवता येत नाही. दोन्हींसाठी तुम्ही समोर असायला हव्यात.

पोलिसांना मी जबाब दिला. दादाच्या घरी गेलो नाही. ईराला रोज एकदा फोन करतो. पूर्ण वाजतो, ती उचलत नाही. उचलला तर काय बोलायचं ते मी जुळवून ठेवलेलं नाही. माझं जुळवलेलं तिने पुष्कळ ऐकलंय.